जुन्या घरासकट जागा घेतलीत? पर्माकल्चरचे पहिले वर्ष असे घालवा

ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबईत राहणारी मंडळी मुरबाड, शहापूर किंवा बदलापूरच्या आतल्या गावांत एक-दोन एकर जागा घेतात. सोबत बहुधा एक जुने कौलारू घर येते, एखादी विहीर, बांधावरचे आंबा-जांभूळ आणि चार-दोन भातखाचरे. व्यवहार उन्हाळ्यात पुरा होतो आणि पहिल्याच आठवड्यात ‘जागा साफ करून घेऊ’ म्हणून जेसीबी बोलावला जातो. हे मात्र करू नका. दोन दिवसांत यंत्र बांध मोडते, वरची वीतभर माती एका कोपऱ्यात लोटते आणि खालचा मुरूम उघडा पाडते. मे महिन्यात बोडकी दिसणारी जमीन रिकामी नसते. शेवळा, फोडशी, करांदे या रानभाज्यांचे कंद खाली तग धरून असतात आणि पहिल्या सरींनंतरच डोके वर काढतात. तुम्हाला ते दिसायच्या आधीच यंत्राने संपवलेले असतात.

‘पर्माकल्चर’ हा शब्द १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी रूढ केला. अर्थ साधा आहे: जागेचे पाणी, उतार, ऊन, वारा, माणसाची रोजची ये-जा हे सगळे पाहून घर, झाडे, जनावरे आणि पाणी अशा ठिकाणी बसवायचे की एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याच्या कामी येईल. हे तत्त्व आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडते. त्यातल्या बऱ्याच युक्त्या मात्र कोरड्या मुलखातल्या आहेत. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे चार महिने पाणी बाहेर काढायची चिंता आणि आठ महिने पाणी कुठून आणायचे ही चिंता. इथले पहिले वर्ष या दोन गोष्टींवरच घालवायचे. झाडांचा नंबर नंतर.

कुंपणाआधीची कामे

सातबारा, आठ-अ, फेरफार खरेदीच्या वेळी पाहिलेच असतील. तरीही कुंपण घालण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्या आणि घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आपल्या नावावर लावून घ्या. जागेतून गावाची पायवाट जाते का, कोणी मोहाची फुले किंवा सरपण नेते का, वरच्या खाचराचे पाणी तुमच्या बांधातून उतरते का, हे शेजाऱ्यांना विचारा. तार ओढून वहिवाट बंद केली की पुढची दहा वर्षे त्याची किंमत मोजावी लागते. पायवाटेला एक फाटक ठेवणे स्वस्त पडते.

झाड तोडायची घाई नको. वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या कायद्याच्या सूचीत साग, ऐन, खैर, मोह, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

घर: वरून खाली

जुने घर पाडायचा विचार निदान एक पावसाळा बाजूला ठेवा. ते जिथे आहे तिथे का आहे, हे जुलैत कळते. जुन्या माणसांनी जोते सहसा खाचराच्या वरच्या अंगाला आणि ओढ्यापासून लांब घेतलेले असते. नदीकाठची जागा असेल तर अधिक जपा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूर दरम्यान अडकली होती. त्या वर्षी आणि २००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आले होते ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या रेषेवर दगड रोवा, आणि त्याखाली पंप, खताची शेड, पाण्याची टाकी काहीही ठेवू नका.

दुरुस्तीचा क्रम छप्पर, भिंती, जोते असा. कौले परतण्याचे काम एप्रिलच्या मध्याला सुरू करा. मेच्या शेवटी सगळ्या गावाला एकाच वेळी माणसे लागतात आणि तुम्ही नवखे असाल तर तुमचा नंबर शेवटी लागतो. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५-१६ बसतात. बदलायची मोजा आणि त्यावर दहा टक्के जास्त आणा. नवी कौले जुन्याच साच्याची हवीत. वेगळ्या कारखान्याच्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत आणि नेमके त्या जोडातून गळते. म्हणून नवी कौले सगळ्या छपरात विखरून न लावता छपराच्या एका बाजूला सलग लावा आणि तिथली निघालेली चांगली जुनी कौले इतरत्र वापरा.

कौले उतरलेली असतानाच आढे, वासे आणि रिपा पेचकसाने टोचून पाहा. वासा भिंतीत शिरतो तिथून सुरुवात करा, ओल आणि वाळवी दोन्ही तिथेच लागतात. पाते सहज अर्धा इंच आत गेले तर तो वासा बदलायचा. रंग मारून काही होत नाही. चांगल्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावता येते. कोकणात ते जुने आणि खात्रीचे औषध आहे. मात्र ते कातडीला भाजते, हातमोजे घालूनच काम करा.

भिंती मातीच्या किंवा कुडाच्या असतील तर त्यांना सिमेंटचा गिलावा करू नका, गवंडी कितीही आग्रह करो. मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि पृष्ठभागावरून सोडून देते. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आत साचते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा मातीचा थर घेऊनच खाली येतो. त्याऐवजी तीन भाग चाळलेली माती, एक भाग शेण आणि बारीक कापलेला भाताचा पेंढा असे मिसळून आठवडाभर ओले ठेवा, रोज तुडवा, मग लावा. वाळल्यावर भेगा पडल्या तर मातीत चिकण जास्त आहे. थोडी वाळू घाला. आधी दोन हात लांब-रुंद तुकड्यावर लावून पाहावे, मग सगळी भिंत घ्यावी. बाहेरच्या बाजूला चुन्याचा गिलावा चालतो, एक भाग चुना तीन भाग वाळू. पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड लागते, तिथे पडवी नसेल तर पावसाळ्यापुरता झापांचा आडोसा बांधा.

भिंत खालून खचण्याचे मुख्य कारण पागोळ्या. कौलांवरून पडणारे पाणी जमिनीवर आपटते, चिखल उडतो आणि जोत्यालगतची माती दरवर्षी थोडी थोडी जाते. पागोळ्यांच्या बरोबर खाली हातभर रुंद, वीतभर खोल चर काढून त्यात मूठभर आकाराचे दगड भरा आणि चराला घरापासून दूर उतार द्या. पन्हळ बसवली तरीही हा चर हवाच. मुसळधार पावसात पन्हळ भरून वाहते.

पर्माकल्चरची पुस्तके पालापाचोळ्याचे ढीग, लाकडाचे ओंडके, दगडांच्या राशी यांचे गुण गातात. इथे त्या सगळ्यात साप राहतात. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे चौघेही या भागात आहेत. मण्यार तर रात्री घरात शिरून अंथरुणापाशी येते. खताचा ढीग, सरपण, कौलांची रास घरापासून निदान दहा मीटर लांब ठेवा. घराभोवती दोन मीटरची पट्टी स्वच्छ, शक्यतो सारवलेली राहू द्या. जमिनीवर झोपू नका; खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. तालुक्याच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष मिळते आणि रात्री तिथवर कोणाची गाडी नेईल, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून भिंतीवर लिहून ठेवा.

छपराचे पाणी आणि मे महिन्याचा हिशेब

घराने जमिनीवर व्यापलेली जागा वळचणीपासून वळचणीपर्यंत मोजा. १०० चौरस मीटर धरले तर २५०० मिलिमीटर पावसात त्यावर अडीच लाख लिटर पाणी पडते. गळती, उडणे, कौलांचे शोषण वजा जाता दोन लाख लिटर हाती लागते. आकडा ऐकून लोक खूश होतात. पण दहा हजार लिटरची टाकी जूनमध्ये एका चांगल्या पावसात भरते, तुम्ही ती पावसाळ्यात वापरत नाही, आणि ऑक्टोबरनंतर ती पुन्हा भरत नाही. साठा दहा हजारच. म्हणून टाकीचे पाणी पिण्याला आणि रोपांना राखा, उरलेले विहिरीच्या वरच्या अंगाला जिरवा.

पन्हळीला सहा इंची पीव्हीसी पाइप उभा अर्धा कापून वापरता येतो. दर दोन फुटांवर पट्टी, शंभरला एक असा उतार, आणि छपराच्या प्रत्येक बाजूला चार इंची उतरणीचा पाइप. पट्ट्या लांब लांब लावल्या की पाण्याच्या वजनाने पन्हळ मधोमध झुकते आणि तिथूनच सांडते. पहिल्या पावसात आठ महिन्यांची धूळ, पाने आणि पाखरांची विष्ठा खाली येते. १०० चौरस मीटरला निदान २०० लिटर पाणी बाजूला काढा: उतरणीच्या पाइपला टी जोडून त्याखाली एक जुना २०० लिटरचा पिंप, तळाशी बारीक धार ठेवलेला नळ. पिंप भरला की पुढचे पाणी आपोआप टाकीकडे वळते. नळ चोंदला तर पिंप रिकामा होत नाही आणि पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत जाते, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला नळ पाहायचाच.

विहिरीतला गाळ मेमध्ये काढा. रिकाम्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडा. तो विझला तर कोणीही उतरू नये. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असला पाहिजे. जुन्या जागांत तो बऱ्याचदा चुकीच्या जागी असतो. पिण्याआधी पाणी तपासून घ्या. निर्जंतुकीकरणाला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरचे पाणी विहिरीत सोडा आणि तासभर पाणी उपसू नका.

आता झाडांचा हिशेब. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो, नोव्हेंबरभर जमिनीत ओल असते. डिसेंबर ते जूनचा पहिला आठवडा असे २७ आठवडे रोपाला तुम्हीच पाणी द्यायचे. फेब्रुवारीअखेर १३ आठवडे आठवड्याला १५ लिटर, पुढचे १४ आठवडे आठवड्याला २५ लिटर, मिळून ५४५ लिटर. एका रोपाला साडेपाचशे लिटर. दहा हजार लिटरची टाकी नुसती रोपांना दिली तरी अठराच झाडे जगतात. जूनमध्ये हौसेने दोनशे रोपे लावून मार्चमध्ये त्यातली पावणेदोनशे वाळवण्यापेक्षा अठरा लावून अठरा वाढवावीत. ज्याच्या विहिरीला मेमध्ये पाणी आहे त्याने विहिरीचा हिशेब वेगळा करावा. तो शेवटी दिला आहे.

उतार, बांध आणि चर

पहिल्या पावसाळ्यात छत्री घेऊन जागेत फिरणे हे सर्वांत मोलाचे काम आहे. जोराच्या पावसाच्या अर्ध्या तासात जा. पाणी कुठून आत येते, कुठे धार होऊन माती कापते, कुठे साचते, कुठून बाहेर पडते हे नकाशावर लिहा आणि तिथे खुंट्या मारा. ऊन पडल्यावर यातले काहीच दिसत नाही.

जुने खाचर आणि त्याचा बांध हे पाणी अडवण्याचे तयार काम आहे. बांध फुटला असेल तर मेमध्ये बांधून घ्या. खाचरात फळझाडे लावू नका, तिथे चार महिने पाणी उभे राहते. भात लावा, नाहीतर कसायला द्या. भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल घ्या. वाल जमिनीला नत्र देतो आणि फेब्रुवारीत पोपटीला शेंगा देतो. झाडे वरकस, म्हणजे उंचावरच्या हलक्या, जमिनीवर आणि बांधांच्या कडेला.

समपातळीतला चर काढून पाणी जिरवण्याची पद्धत सगळ्या चित्रफितींत दिसते. इथे ती जपून वापरायची, कारण आकडे वेगळे आहेत. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, दहा मीटर लांब चरात साधारण २७०० लिटर पाणी मावते. त्याच्या वर पंधरा मीटरचा उतार असेल तर १५० चौरस मीटरवर एका दिवसाच्या १०० मिलिमीटर पावसात १५ हजार लिटर पडते. निम्मे जिरले तरी साडेसात हजार लिटर चराकडे येते. जुलैत असा दिवस येतोच. चर भरतो, बांधाच्या सर्वांत कच्च्या जागेवरून पाणी उडी मारते आणि खालचा चर, त्याखालचा चर असे एकामागोमाग फुटत जातात. उघड्या मुरमावर एका रात्रीत घळ तयार होते.

म्हणून तीन पथ्ये पाळा. एक, सलग लांब चर न काढता तीन-चार मीटरचे तुकडे, एकाआड एक खाली-वर. दोन, प्रत्येक तुकड्याला सांडवा: बांधाच्या माथ्यापेक्षा चार इंच खाली, दोन-तीन फूट रुंद, तळाला आणि खालच्या बाजूला दगड बसवलेला. तीन, घराच्या वरच्या उतारावर पाणी जिरवणारा चर नको. तिथे उलट पाणी बाजूला नेणारा उताराचा चर हवा, नाहीतर जिरलेले पाणी घराच्या जोत्याखाली पाझरते.

समपातळी काढायला यंत्र लागत नाही. दोन मीटरचे दोन बांबू वर बांधून मध्ये आडवा दांडा लावा, माथ्यावरून दोरीला दगड सोडा. सपाट फरशीवर दोन्ही पाय ठेवून, मग पाय उलट करून दोरी दांड्यावर कुठे पडते ते पाहा; दोन खुणांच्या बरोबर मधली खूण ही समपातळीची. वाऱ्याने दोरी हलते, त्यामुळे सकाळी लवकर काम करा. दोन माणसे असतील तर पंधरा मीटर पारदर्शक नळीत पाणी भरूनही पातळी मिळते. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते.

माती पाहा, मग खड्डे

चार-पाच ठिकाणी तीन फूट खोल खड्डे घ्या आणि माती किती खोल, मुरूम कुठे लागतो, खडक कुठे, हे लिहून ठेवा. मग फूटभर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, लगेच पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते मोजा. तासाभरात रिकामा झाला तर निचरा चांगला. चार-पाच तासांनीही पाणी उभे असेल तर त्या जागी आंबा किंवा पपई लावू नका.

पहिल्या जूनमध्ये मोकळ्या जमिनीवर हिरवळीच्या खतासाठी ताग फेका, एकरी वीस-पंचवीस किलो. पाणी साचणाऱ्या तुकड्यावर धैंचा. फुलावर येताच, साधारण ४५ ते ५० दिवसांनी कापून जागीच पसरा. रानभाज्यांच्या जागा पावसाआधी ओळखता येत नसल्याने ताग सगळीकडे पेरू नका. गावातली कातकरी किंवा ठाकर मंडळी जूनच्या अखेरीस जागेतून एक फेरी मारतील तर शेवळा, कुरडू, टाकळा, कंटोळी कुठे येते हे दाखवतील. त्या जागा खुणा करून राखा. रानमोडी आणि घाणेरी मात्र फुलावर येण्याआधी मुळासकट काढा. बी धरल्यावर त्यांचा पाला आच्छादनाला वापरला तर तुम्हीच ती तणे पेरता.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्यायचे, कलमी आंब्याला तीन फुटांचे, कोकम-काजूला दोन फुटांचे. पंधरा-वीस दिवस तापू द्यायचे. भरायला वरची माती, दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत, अर्धा किलो करंजाची किंवा निंबोळीची पेंड. मुरमात खोदलेला खड्डा म्हणजे दगडी वाटी असते: आत भुसभुशीत माती, भोवती कठीण मुरूम. पावसात वाटी भरते, मुळे बुडतात आणि ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडतात. पपई तर पाण्यात एक-दोन दिवस उभी राहिली तरी जाते. म्हणून खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंच होईल असा भरा, रोप त्या उंचवट्यावर लावा, आणि उताराच्या खालच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत एक अरुंद चर फोडून त्यात दगड घाला.

लागवड पहिल्या सरीला नको. जूनच्या मध्यावर पाऊस आठ-दहा दिवस दडी मारतो आणि रोप करपते. जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत लावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून आलेली फूट लगेच खुडली पाहिजे, नाहीतर काही वर्षांनी रायवळ आंब्याचे झाड उभे राहते. कोकम बियांपासून लावले तर त्यात नराची झाडे बरीच निघतात आणि ते सहा-सात वर्षांनी कळते. कलम घ्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात दिली आहे.

प्रत्येक फळझाडाजवळ दीड-दोन मीटरवर गिरिपुष्पाचा, म्हणजे उंदीरमारीचा, एक खुंट लावा. मनगटाएवढी जाड, पाच-सहा फूट लांब फांदी, फूटभर खोल. दरवर्षी दोन-तीन वेळा छाटून पाला झाडाखाली टाकायचा. हाच खुंट दीड फुटावर ओळीने लावला की दोन वर्षांत जिवंत कुंपण होते. मध्ये करवंद आणि सागरगोटा लावला तर शेळीही आत येत नाही.

गुरे आणि वणवा

भात झोडून झाले की नोव्हेंबर-डिसेंबरपासून गावची गुरे मोकळी सुटतात. ही जुनी रीत आहे, तिच्यावर रागावून उपयोग नाही. तुमचे कुंपण दिवाळीच्या आत उभे पाहिजे. जिवंत कुंपण तेवढ्यात वाढत नाही, म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येक रोपाला काटेरी फांद्यांचा वेढा करा.

रोपे मारण्यात गुरांपेक्षा वणवा पुढे असतो. फेब्रुवारी ते मे सुके गवत एका ठिणगीने पेटते, आणि मार्चनंतर राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायची कामेही शेजारी चालू असतात. गवत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापून घ्या आणि हद्दीच्या आतून तीन ते पाच मीटर रुंद जाळरेषा जानेवारीअखेर साफ करा. फक्त कापून पुरत नाही. पाने लोटून काढा आणि मार्चमध्ये पुन्हा लोटा, कारण साग आणि ऐन तोवर पाने गाळतात. शेजारी कोणत्या दिवशी राब भाजणार ते विचारून त्या दिवशी तिथे हजर राहा, ओले गोणपाट आणि पाणी घेऊन.

पर्माकल्चरमध्ये आच्छादन हा जणू मंत्र. पण सुक्या पेंढ्याचे जाड आच्छादन फेब्रुवारीत रोपाच्या बुंध्याशी ठेवलेले सरपणच असते. त्यावर दोन इंच माती टाका किंवा दगड मांडा. दगडही ओल टिकवतात आणि पेटत नाहीत. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, वाळवी खोडावर चढत नाही.

परस आणि न्हाणीचे पाणी

घराच्या मागच्या दाराबाहेर न्हाणी, न्हाणीमागे अळू आणि केळ: ही जुनी मांडणी पर्माकल्चरमधली उत्तम मांडणी आहे, ती जपा. न्हाणीचे व मोरीचे पाणी चार-पाच फूट व्यासाच्या, अडीच-तीन फूट खोल खड्ड्यात सोडा. खड्ड्यात तळाला जाड फांद्या, वर पाला आणि पेंढा ठासून भरा, कडेला पाच केळी, मध्ये अळू आणि कर्दळ. कडा वीतभर उंच करा, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरून सगळे तुंबते. पाणी वर दिसू लागले तर डास होतात, वर आणखी पाला घाला. केळीचा घड कापला की ते खोड त्याच खड्ड्यात.

पावसाळी भाज्या वीतभर ते हातभर उंच वाफ्यांवर घ्या. दोडका, पडवळ, काकडी मांडवावर. हळद आणि आले मे-जूनमध्ये लावा, माकडे आणि रानडुकरे त्यांना फारसे त्रास देत नाहीत. सुरण आणि रताळी मात्र डुकरांसाठीच लावल्यासारखी होतात, ती घराला लागून लावा.

शनिवार-रविवारीच येणाऱ्यांनी परस लहान ठेवावा. रोज हात लागणार नसेल तर कोंबड्या नकोत, नाजूक रोपे नकोत. सहा दिवसांच्या गैरहजेरीला मडके कामाला येते: आठ-दहा लिटरचे, न रंगवलेले, कच्चट भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाकण घाला. भोवती तीन-चार मिरच्या-वांगी जगतात. मडके जोराने भाजलेले असेल तर पाझरत नाही. विकत घेतानाच पाणी भरून तासाभरात बाहेरून ओलसर होते का ते पाहा. ठिबक वापरायचे तर टाकी दोन मीटर उंच ठेवा आणि जाळीचा फिल्टर लावा. एवढ्या उंचीने दाब फक्त ०.२ बार मिळतो, त्यामुळे जास्त दाब लागणारे ड्रिपर चालत नाहीत. साधे घ्या आणि नळ्या उतारावर आडव्या, समपातळीत टाका.

खताला शेड हवी. नाडेपची दहा बाय सहा बाय तीन फुटांची जाळीदार टाकी चांगली, पण इथल्या पावसात उघडी ठेवली तर सगळा कस वाहून जातो. वर पत्रा किंवा ताडपत्री घाला. जीवामृत करणार असाल तर २०० लिटर पाण्यात दहा किलो ताजे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस, दिवसातून दोनदा ढवळून. हे एका एकराला पुरते आणि ओल्या जमिनीवरच द्यायचे. सुक्या मुरमावर ओतलेले वाया जाते.

पुढच्या जूनची संख्या

१५ मेच्या सुमारास सकाळी विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली मोजा. पंप लावून पाणी निम्मे उपसा, पुन्हा मोजा, आणि बरोबर चोवीस तासांनी पातळी किती वर आली ते पाहा. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले वाढलेली उंची, सगळे मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर. त्याला हजाराने गुणले की विहीर दिवसाला देते तेवढे लिटर. त्यातून घराचे, गुरांचे आणि जुन्या रोपांचे पाणी वजा करा. उरलेल्या लिटरांना सातने गुणून पंचवीसने भागा. जो आकडा येईल, येत्या पावसाळ्यात तेवढेच नवे खड्डे भरा.